फाट्यावरची डहाळी

जव्हार,
मंगळवार, १३ नोव्हेंबर २००७

प्रिय उमेश,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. घरी आलं असतं तर आधी वहिनींच्या हातात पडलं असतं आणि गोकुळभाऊजींनी एवढं लांबलचक काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं असतं. हे तू एकट्यानं वाचावंस. फोन करता आला असता. एसटी स्टँडच्या मागच्या टेकाडावर हल्ली बरी रेंज येते. तिथं उभं राहून मी दोनदा तुझा नंबर लावलाही. दोन्ही वेळा तू "हां, बोल गोक्या" म्हणालास आणि दोन्ही वेळा मी तुला यंदा भात कसं आलंय ते सांगत बसलो. तुला तेव्हाच वाटलं असेल, की भाताचं सांगायला हा ठाण्याला कशाला फोन करतोय.

परवा भाऊबीजेला तू आला नाहीस. गेल्या वर्षी सुतक होतं, तेव्हा प्रश्नच नव्हता. यंदा येशील असं चंदाला वाटत होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, तरी वाटत होतं. तिनं अंगण सारवलं, रांगोळीची दोन बोटं ओढली, पाट मांडला, तबकात सुपारी आणि तांदूळ ठेवले. दुपारची जव्हार गाडी गेली, चारची गेली. गुरं परतायच्या सुमाराला मी तिच्याकडे डोकावलो तर ती उंबऱ्यातच बसली होती. मला म्हणाली, "गोकुळदादा, तू बस. मांडलेला पाट रिकामा उचलू नये." मी नको म्हणालो. ती म्हणाली, "बस रे, तू काय परका हाय?" मी बसलो. तुझ्या पाटावर बसलो, उमेश, आणि तुझ्या बहिणीनं मला ओवाळलं. त्या संध्याकाळपासून हे पत्र लिहायला घेतोय. आज तिसरा दिवस.

तू तिच्याशी बोलत नाहीस, याला वर्ष उलटलं. तुझ्या बाच्या, आपल्या बुधाकाकांच्या बाराव्याला सगळ्या पाड्यासमोर तू तिला म्हणालास, "तुला एकच काम सांगितलं होतं. बाला एकटं सोडू नको. एवढंही झालं नाय तुझ्यानं." ती खाली मान घालून पत्रावळी गोळा करत राहिली. मी तिथं होतो. तुझ्या उजव्या हाताला, चार माणसं सोडून. तू मला विचारलं नाहीस आणि मी बोललो नाही. या पत्रात मला तेच बोलायचं आहे, पण ते एकदम लिहिता येत नाही. सायकलीच्या वाटेपासून सांगावं लागेल.

ती वाट तू नीट पाहिलेली नाहीस. तुझ्या येण्याच्या वेळी नेहमी काही ना काही घाई असायची. वनखात्यानं आपल्या पाड्याच्या वरच्या रानाला कुंपण घालून त्याचं वन उद्यान केलं, तेव्हा वरून एक साहेब आले होते. परदेशात कुठंसं त्यांनी पाहिलं होतं, की रानातून एक गोल वाट काढतात आणि लोक भाड्याच्या सायकली घेऊन त्यावर फिरतात. सपाट, सोपी वाट, चढ नाही की उतार नाही, लहान मुलंसुद्धा चालवतील अशी. जाड टायरच्या, गेअरच्या बारा सायकली येणार होत्या. नाशिक-मुंबईचे लोक शनिवार-रविवारी येणार होते. आखणी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या रानात आखायच्या चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन फिरेल असा रोजंदारीवरचा माणूस मीच होतो. कागदावर साडेतीन किलोमीटरचं एक अंडं काढलेलं होतं. मी ते अंडं जरा वाकवलं. फाटकापासून सागाच्या पट्ट्यातून, मग ऐनाच्या झाडांतून, करवंदीच्या जाळीला वळसा घालून मोहाच्या झाडापर्यंत, मोहापासून डावीकडे ओहोळावरच्या लाकडी साकवावरून पुन्हा फाटकाशी. अर्धी वाट म्हणजे बुधाकाकांची गुरं न्यायची जुनी वाटच. नवं फार काही खणावं लागलं नाही.

पाड्यात सगळे हसले. पोशीआजी तर काठी टेकत फाटकापर्यंत आली आणि मला म्हणाली, "जिथून निघायचं तिथंच परत यायचं, मंग जायाचं तरी कशाला रं? घरीच बसा की." मी म्हणालो, "आजी, शहरातल्या लोकांना असंच आवडतं." ती म्हणाली, "त्यांना काम नाय वाटतं." मलाही तेव्हा वाटलं होतं, की काय ही वाट. कुठंच जात नाही.

पण त्याच वर्षी काकांचं सुरू झालं होतं. तुला चंदानं फोनवर सांगितलं असेल तेवढंच माहीत असणार. सकाळी उठले की कमरेला कोयता अडकवायचे आणि कुपावर, लाकूडतोडीच्या कामाला, निघायचे. कुठला कूप? सूर्यमाळच्या अंगाचा, तीस वर्षांपूर्वी तोडून संपलेला. मुकादम हजेरी घेईल, उशीर नको, म्हणायचे. एकदा मोखाड्याच्या रस्त्यावर सापडले, अनवाणी. एकदा खडी नेणाऱ्या ट्रकवाल्यानं आणून सोडलं. चंदा त्यांच्या मागे किती पळणार? शेत तिनंच करायचं, पाणी तिनंच आणायचं, सासर सोडून आलेली बाई म्हणून चार शब्दही तिनंच ऐकायचे. तू तिला म्हणालास, की एकटं सोडू नको. ते तुझ्या जागी बरोबर होतं. पण कोंडून ठेवलं की काका दारावर डोकं आपटायचे. ते तिनं तुला कधी सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण कपाळाला लावायला हळद माझ्या घरून गेली होती.

तेव्हा मला ती गोल वाट सुचली. वाट आखून झाली होती, सायकली यायला अवकाश होता. एका सकाळी मी काकांना फाटकातून आत घेतलं आणि म्हणालो, "काका, कूप इकडून आहे." ते चालू लागले. मी लांबून मागे. सागांना हात लावत, कुठला तोडायला आलाय कुठला नाही ते स्वतःशीच बोलत ते साडेतीन किलोमीटर चालले आणि फाटकाशी आले. समोर आपलं घर दिसलं. म्हणाले, "आज काम लवकर आटपलं." भाकर खाल्ली आणि अंगणात गपचूप बसून राहिले. चंदा रडली त्या दिवशी. त्यानंतर रोज. पाऊस असला तरी डोक्यावर इरलं घेऊन. चंदाला मीच म्हणालो होतो, "त्यांना फिरू दे. ती वाट माणसाला घरीच आणून सोडते. तू शेतावर जा निर्धास्त." हे वाक्य माझं आहे, उमेश. तिनं ते माझ्याकडून घेतलं.

वाटेत एकच अडचण होती, मोहापाशी. तिथं दोन वाटा फुटतात. डावी म्हणजे आपली गोल वाट. उजवी जुनी, खालच्या खोऱ्यात उतरायची. आपण शाळेत असताना जांभळांसाठी जायचो तीच. २००५च्या जुलैत तिचा पुढचा भाग दरडीबरोबर गेला. शे-सव्वाशे पावलं वाट नीट दिसते आणि मग एकदम काहीच नाही. कड्याखाली साठ फुटांवर दगड. मी साहेबांना तिथं कठडा घाला म्हणालो होतो. ते म्हणाले, पुढच्या टप्प्यात घेऊ. मग मी आपल्या पद्धतीनं ती वाट बंद केली.

तुला आठवतंय का, ती पद्धत आपल्याला कुणी शिकवली? आठवीत असू. तुझी भाड्याची सायकल, तासाच्या बोलीवर बाजारातून आणलेली. काका तुला सायकल शिकवत होते, म्हणजे त्यांना स्वतःला येत नव्हतीच, पण कॅरिअर धरून मागे पळत होते. मग कधी सोडून दिलं ते सांगितलंच नाही. तू किती लांब गेलास आणि मग मागे पाहिलंस आणि पडलास. परत येताना तुझा गुडघा फुटलेला, आणि काका आपल्या दोघांना फाट्यावर थांबवून दाखवत होते: जी वाट बंद, तिच्या तोंडावर पाल्याची डहाळी आडवी टाकायची. मागून येणारा समजतो. आणि स्वतः ज्या वाटेनं गेलो त्या वाटेवर एक पान ठेवायचं, वर दगड, म्हणजे मागच्याला कळतं आपला माणूस इकडून गेला. "अक्षर येत नसलं तरी हे वाचता आलं पाहिजे," म्हणाले होते. काका शेवटी शेवटी तुझं नाव विसरले होते. माझं तर केव्हाच विसरले होते. पण डहाळी विसरले नव्हते. मी दर चार-पाच दिवसांनी ऐनाची ताजी डहाळी उजव्या वाटेवर आडवी टाकायचो. ते मोहाखाली यायचे, डहाळीकडे पाहायचे, मान हलवायचे आणि डावीकडे वळायचे. आठ महिन्यांत एकदाही चुकले नाहीत.

आता तो रविवार. पंधरा ऑक्टोबर. उद्यानाचं उद्घाटन. मांडव घातला होता, झेंडूची तोरणं, नव्या बारा सायकली ओळीनं उभ्या. शहरातून पाहुणे आले, टोप्या घालून. एका जाड्या पाहुण्यानं सगळे गेअर एकदम टाकून पाहिले आणि साखळी पाडून घेतली. पाड्यातला लाडक्या ती बसवताना हसत होता, म्हणाला, "ही सायकल हाय का ट्रॅक्टर?" खरंच मजेचा दिवस होता. मोहाशी चहाचा दुसरा मांडव होता. पाहुणे तिथपर्यंत सायकलवर आले, एक-दोघे साकवावरूनही पुढे गेले आणि त्यातल्या कुणाच्या तरी चाकाखाली साकवाच्या दोन फळ्या मोडल्या. पाहुणे मग जीपमधून गेले. सायकली परत फाटकाजवळच्या छपरात आणायच्या होत्या, ते काम आपल्याच पाड्यातल्या माणसांचं. ती रानभर पांगलेली. प्रत्येकाला गाठून साकव मोडलाय म्हणून सांगत बसायला वेळ नव्हता, साहेब मला हाका मारत होते. समोर डहाळी होती. मी ती उजव्या वाटेवरून उचलली आणि डाव्या वाटेवर, साकवाच्या बाजूला, आडवी टाकली. चार हातांचं अंतर. आपली माणसं येतील, वाचतील, उजव्या वाटेनं थोडं जाऊन कड्याच्या अलीकडूनच माळावरून छपराकडे निघतील, कडा सगळ्यांना माहीत होता. तसंच झालं. कुणी एक शब्द विचारला नाही.

मी तासाभरात ती परत जागेवर ठेवणार होतो. साहेबांनी मला जेवणाच्या मांडवात बोलावलं आणि चार लोकांत सांगितलं, की ही वाट या माणसानं आखली, याचं नाव मी कायम करण्यासाठी पाठवतोय. चौदा वर्षं रोजंदारी केली होती मी. तुझ्या हर्षदावहिनीला सांगायला घरी पळालो. ती घरी नव्हती, शेजारी होती, तिथं गेलो, तिथं सगळ्यांनी गूळ खाल्ला. डहाळी माझ्या मनातूनच गेली. दुसऱ्या दिवशी सोमवार, उद्यान बंद, फाटकावर कुणी नाही.

चंदानं काकांना भाकर दिली, फाटकाच्या फटीतून आत सोडलं आणि ती कापणीला गेली. आभाळ आलं होतं, कापलेलं भात भिजलं असतं. दुपारी ती धावत माझ्याकडे आली. "दादा, बा आला नाय अजून." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं. मी लोकांना वेगवेगळ्या बाजूंना पाठवलं आणि मोहाकडे एकटा गेलो.

डहाळी होती तशीच डाव्या वाटेवर पडलेली होती. पाला मलूल झाला होता. उजवी वाट मोकळी. मी ती डहाळी उचलली आणि करवंदीच्या जाळीत लांब फेकली. त्यानंतर मी कड्यापर्यंत पळालो, त्यानंतर खाली पाहिलं आणि त्यानंतर ओरडलो. हा क्रम असाच होता. मी तो बदलून सांगू शकलो असतो, वर्षभर स्वतःला बदलून सांगतही आलो, पण हात आधी डहाळीकडे गेला. त्या हाताला नोकरी दिसत होती. डॉक्टर तुला म्हणाले होते, की सकाळीच, पडताक्षणी गेले. ते खरं आहे, त्यात माझी काही लपवाछपवी नाही. मी आधी खाली पाहिलं असतं तरी काका वाचले नसते. याचा मला काही उपयोग होत नाही, तुला झाला तर बघ.

मग सगळे म्हणाले, म्हातारा भरकटला. वाट समोर असताना दुसरीकडे गेला, डोकं जागेवर नव्हतं बिचाऱ्याचं. चंदानं लक्ष ठेवायला हवं होतं. मार्चमध्ये माझी ऑर्डर आली. आता मोहापाशी लोखंडी कठडा आहे, हिरवा रंग दिलाय, बाण काढलाय. शनिवार-रविवारी सायकली फिरतात. मुलं घंटी वाजवत जातात. सगळे फाटकाशी सुखरूप परत येतात.

चंदा रोज सकाळी ती वाट चालते. काकांच्या वेळेला, अनवाणी. सायकलवाले तिला बाजूला व्हा म्हणतात, ती होते. मोहाखाली थांबते. कितीदा तरी तिनं मला विचारलंय, "दादा, बा इथं वळला तरी कशाला रं? रोज तर नीट जायचा." दर वेळी मी म्हणालो, वय झालं होतं. परवा ओवाळून झाल्यावर तबक खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "उमेशदादाचं बरोबर हाय. मीच गेले नसते त्या दिवशी तर." आणि मला करंजी वाढली.

मी तिला तिथंच सांगायला हवं होतं. आधी तिलाच सांगायचं होतं. पण मी तिला ओळखतो. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, जाऊ दे दादा, तुझी नोकरी जाईल, कुणाला बोलू नको. आणि तुझा राग जन्मभर आपल्याच डोक्यावर ठेवून घेईल. म्हणून आधी तुला. तुला सांगितल्यावर आता मला मागे फिरता येणार नाही.

या पाकिटात घडी घातलेल्या कागदात एक पळसाचं पान आहे. जपून उघड, वाळून चुरा होत आलंय. डहाळी फेकली तेव्हा उजव्या वाटेच्या तोंडाशी ते मला दिसलं. हिरवंगार, त्याच सकाळचं तोडलेलं, वर मुठीएवढा दगड. मी दगड टाकला आणि पान खिशात घातलं, कारण ते पाहून कुणालाही समजलं असतं. बुधाकाका भरकटले नव्हते, उमेश. ते मोहाखाली आले, डावीकडची डहाळी त्यांनी वाचली, वाट बंद आहे हे त्यांना कळलं, मोकळ्या वाटेनं निघाले, आणि निघण्याआधी मागून येणाऱ्यासाठी पान ठेवून गेले. त्यांनी सगळं बरोबर केलं. चंदानंही. चुकीचं लिहिलं ते मी. आठवडाभर मी तुझी वाट पाहीन. तू आलास तर तुझ्यासमोर चंदाला आणि मग पाड्याला सांगेन, नाही आलास तर पुढच्या मंगळवारी एकटाच सांगेन. खात्याला काय लिहायचं तेही लिहीन. माझ्याशी तू बोलला नाहीस तरी चालेल. पण ते पान तुझ्या हातानं तिला दे. मागून येणारी तीच होती, आणि तिच्यापर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही.

अजून म्हणू देणार असशील, तर तुझाच,
गोकुळ